गॅलीतलं गरम पाणी

मुंबईहून अमेरिका-युरोपकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. त्या वेळी आत येणाऱ्या तान्ह्या मुलांमध्ये दोन प्रकार असतात, गाढ झोपलेली आणि अजिबात न झोपलेली. आईबापांमध्ये असा फरक नसतो. सगळे सारखेच दमलेले. आणि सीटवर टेकल्यावर बहुतेकांच्या तोंडी पहिलं वाक्य ठरलेलं: "सिक्युरिटीवाल्यांनी दूध सोडलं एकदाचं!"

मी केबिन क्रू आहे आणि माझ्या नोकरीचा मोठा भाग लांब पल्ल्याच्या उड्डाणांवर गेला आहे. उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगमध्ये आम्हाला बेसिनेट, म्हणजे बाळाचा पाळणा, कोणत्या सीटवर लावायचं आहे ते सांगतात, बाळ किती महिन्यांचं आहे हेही कधी कधी कळतं. ते अंगावर पितं की वरचं, हे कोणी सांगत नाही. ते आम्हाला कळतं गॅलीच्या पडद्यामागून आलेल्या हाकेने: "मॅडम, थोडं गरम पाणी मिळेल?" या एका प्रश्नाला उत्तर देत मी जे पाहिलं, त्यावरून माझं मत झालं आहे की दुधाच्या बाबतीत आईबाप घाबरतात ते चुकीच्या जागी. तपासणीच्या रांगेत त्यांचा जीव वरखाली होतो. दूध खरं बिघडतं ते पुढे, विमानात, आणि तेव्हा सगळे निर्धास्त असतात.

तपासणीची धास्ती उगाच आलेली नाही, हे मात्र खरं. १० ऑगस्ट २००६ ला ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट उघडकीला आला आणि त्या दिवशी तिथल्या विमानतळांवर हातातलं सामान नेणंच बंद झालं. पासपोर्ट, पाकीट, औषधं, एवढंच पारदर्शक पिशवीतून न्यायचं. बाळाचं दूध असेल तर बरोबरच्या मोठ्या माणसाने ते तपासनिसासमोर चाखून दाखवायचं. आमच्या सिनियर बायका त्या दिवसांबद्दल अजून सांगतात. पुढे नोव्हेंबरात युरोपने १०० मिलिलिटरचा नियम आणला, मग तो जगभर पसरला, आणि लोकांच्या डोक्यात 'शंभरच्या वर काही चालत नाही' एवढंच पक्कं बसलं. बाळाच्या दुधाला त्यातून सूट आहे, हे त्या ओळीच्या पुढचं वाक्य कोणी वाचत नाही. सूट भारतातही आहे. अमेरिकेत प्रवासाला पुरेल इतकं तयार दूध, पावडर, आईचं काढून ठेवलेलं दूध, ते गार ठेवायच्या बर्फाच्या पिशव्या, सगळं नेता येतं. आईचं दूध तर बाळ बरोबर नसलं तरी. ब्रिटनमध्ये बाळासाठी उकळलेलं पाणीही चालतं, पण गोठवलेलं आईचं दूध हातातल्या सामानात चालत नाही. ते चेक-इनच्या बॅगेत टाकावं लागतं. २०१८ पासून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त भुकटी असेल तर जादा तपासणी होऊ शकते, त्यातही बाळाच्या दुधाची पावडर वगळलेली आहे.

एवढं असूनही लोक बाटली डायपरांच्या खाली लपवल्यासारखी ठेवतात आणि मशीनने ती दाखवली की गोरेमोरे होतात. आपण होऊन बाहेर काढावी, "बाळाचं दूध आहे" असं आधी सांगावं, एवढंच करायचं असतं. कोणी बाटली उघडून वाफ तपासेल, कोणी कागदाची पट्टी झाकणावरून फिरवेल. घरी दळलेल्या नाचणीच्या सत्त्वाची बिनलेबलाची पुडी असेल तर चार प्रश्न जास्त विचारतील, आणि खरं सांगायचं तर मी त्यांच्या जागी असते तर मीही विचारले असते.

आता गॅली. विमानातलं स्वयंपाकघर म्हणजे काय याची प्रवाशांची कल्पना थोडी भव्य असते. "हे जरा मायक्रोवेव्हमध्ये फिरवून द्या ना" असं प्रत्येक उड्डाणात कोणीतरी म्हणतं. आमच्याकडे मायक्रोवेव्ह नाही. जे आहेत ते जेवणाचे ट्रे गरम करायचे ओव्हन, आणि त्यात प्लास्टिकची बाटली ठेवली तर बाळाला मिळेल ते दूध नसेल. मायक्रोवेव्ह असता तरी मी बाटली त्यात ठेवली नसती. तो दूध एकसारखं तापवत नाही, बाटली बाहेरून कोमट लागते आणि मध्ये कुठेतरी जीभ पोळेल असं कढत राहतं. आम्ही एका जगमध्ये गरम पाणी घेतो आणि बाटली त्यात उभी ठेवतो. वेळ लागतो. रडणाऱ्या बाळाच्या बापाला ती पाच मिनिटं फार लांब वाटतात आणि तो पडद्यापाशी उभा राहून जगकडे टक लावून बघतो, त्याने दूध लवकर तापत असल्यासारखं.

पावडर आम्ही कालवून देत नाही. डबा तुमचा, चमचा तुमचा, माप तुमचं. आमचं फक्त पाणी. हा नियम काहींना उद्धट वाटतो. पण अर्धवट झोपेत सांगितलेलं "चार चमचे टाका" आणि घरी रोज घालतात ते पाच, यातला फरक बाळाच्या पोटात जातो.

आणि पाणी किती गरम, हा खरा प्रश्न. दुधाची पावडर निर्जंतुक नसते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. डबा सीलबंद असला तरी पावडरीत क्रोनोबॅक्टर नावाचा जिवाणू असू शकतो. क्वचितच असतो, पण अगदी तान्ह्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तो जिवावरचा ठरतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे की पावडर किमान ७० अंश सेल्सियसच्या पाण्यात कालवावी आणि मग गार करावी. आपल्याकडे घरोघरी उलटं चालतं: पाणी उकळायचं, कोमट होऊ द्यायचं आणि मग पावडर. विमानात तर आणखी एक गोष्ट होते. केबिनमधली हवा साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असते तशी ठेवलेली असते. कळसूबाईचा माथा ५,४०० फूट. म्हणजे आपण राज्यातल्या सगळ्यात उंच शिखराच्याही वर बसलेले असतो. तिथे पाणी ९२-९४ अंशांनाच उकळतं. तरीही नळातून नुकतं काढलेलं पाणी पावडरीला पुरेसं गरम असतं. पण ते कागदी कपातून सीटपर्यंत जातं, ट्रेवर ठेवलं जातं, डबी सापडत नाही, शेजारच्या काकू बाळाचं नाव विचारतात, आणि पावडर पडते तेव्हा ते कोमट झालेलं असतं.

म्हणून मी सांगते, रिकामी कोरडी बाटली आणि मोजून ठेवलेली पावडर घेऊन गॅलीशी या. पाणी घ्या, तिथेच कालवा, हलवा. गार करायची चिंता माझ्यावर सोडा. विमानात गरम करायला वेळ लागतो, गार करायला नाही. बर्फ आमच्याकडे भरपूर असतो. बर्फाच्या पाण्यात बाटली फिरवायची, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचा. कढत पाण्याचा कप घेऊन मी बाळ मांडीवर असलेल्या आईच्या हातात कधी देत नाही. विमान सूचना देऊन हलत नाही. कप बापाकडे, अर्धाच, झाकण लावून. बाप नसेल तर मीच उभी राहते.

विमानाच्या टाकीतलं पाणी चांगलं की वाईट, हा प्रश्नही येतो. मी सरळ सांगते: माझ्या भाचीचं मूल असतं तर टाकीचं गार पाणी मी त्याच्या बाटलीत घातलं नसतं. मोठ्या बाळांना सीलबंद बाटलीतलं पाणी उकळून चालतं. दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी मात्र घरून उकळीचं पाणी चांगल्या थर्मासमध्ये आणावं, निदान पहिल्या एक-दोन वेळांपुरतं.

सगळ्यात जास्त वाद होतो तो उरलेल्या दुधावरून. बाळ १२० मिलिलिटरमधलं पन्नास पितं आणि झोपतं. बाप बाटली घेऊन येतो: "हे फ्रिजमध्ये ठेवा, उठली की देऊ." अन्न टाकायचं नाही हे आपल्या हाडात मुरलेलं, त्यात पावडर महाग. पण तोंड लागलेल्या बाटलीत लाळ गेलेली असते, तिथून तासाभरात जे प्यायलं जाईल ते, बाकीचं फेकायचं. तोंड न लागलेलं ताजं दूधही बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये. एका आजोबांनी मला सुनावलं होतं, "आम्ही चार पोरं वाढवली, असले चोचले नव्हते." मी म्हटलं, "काका, तुमची चारही पोरं जमिनीवर वाढली. इथून पुढे नऊ तास दवाखाना नाही." ते हसले, पण बाटली माझ्या हातातून परत घेऊन त्यांनी बॅगेत ठेवली. ती पुढे दिली की नाही हे मी बघू शकले नाही. जेवणाची गाडी काढायची वेळ झाली होती.

छोट्या गमतीही होतात. जमिनीवर झाकण घट्ट लावलेली अर्धी भरलेली बाटली वर गेल्यावर उघडली की बाहेरचा दाब कमी झालेला असल्याने आतली हवा फुगून दूध निपलमधून कारंज्यासारखं उडतं. समोरच्या प्रवाशाच्या कोटावर उडालेलं मी पाहिलं आहे. बाटली उभी धरायची, झाकण हळूच थोडंसं सैल करून हवा जाऊ द्यायची, मग उघडायची. सीलबंद डब्याचा पत्रा असाच फुगतो. डबा खराब झाला असं समजून तो फेकून द्यायला निघालेली एक आई मला थांबवावी लागली.

कानांचं म्हणाल तर लोक विमान सुटताना पाजतात. मुंबईत धावपट्टीच्या रांगेत विमान अर्धा तास उभं राहतं, बाळ तेवढ्यात बाटली संपवतं आणि चाकं उचलेपर्यंत झोपलेलं असतं. तसंही कान जास्त दुखतात ते उतरताना. विमान खाली यायला लागतं साधारण अर्धा तास आधी, आणि तेव्हा आमची गॅली बंद होत असते. गाड्या कुलुपात, जग रिकामे, आम्ही पट्टे तपासत फिरतोय. नेमकं त्याच वेळी गरम पाणी मागितलं की मला नाही म्हणावं लागतं आणि ते म्हणताना मलाच वाईट वाटतं. म्हणून उतरण्याच्या तासभर आधी मी बेसिनेटवाल्या सीटपाशी जाऊन विचारून येते. हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नाही.

तिकडे पोचल्यावरची गोष्ट माझ्या कामाच्या बाहेरची, पण परतीच्या विमानात ती ऐकायला मिळते. इथला डबा संपला म्हणून तिकडचा घेतला आणि जुना चमचा वापरला, ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता जातानाच बजावते. भारतात बहुतेक डब्यांवर एक सपाट चमचा ३० मिलिलिटर पाण्याला असतो, ब्रिटनमध्येही साधारण तसंच. अमेरिकेतला चमचा मोठा, एक चमचा ६० मिलिलिटरला. इथल्या चमच्याने तिकडची पावडर अमेरिकन मापाने घातली तर दूध पाणीदार होतं आणि बाळ उपाशी राहतं. तिकडच्या चमच्याने इथलं माप धरलं तर दूध दुप्पट दाट. चमचा त्याच्याच डब्यात राहू द्यायचा. पाण्याचंही तसंच. जर्मनीत बाटलीबंद पाणी म्हणून घाईत उचललेलं पाणी हमखास सोड्याचं निघतं. एका बापाने फ्रँकफर्टच्या हॉटेलात ते उकळून त्यातला गॅस घालवायचा प्रयत्न केला होता, असं त्याच्या बायकोने मला त्याच्यासमोरच सांगितलं. शिवाय बाटलीतलं पाणी म्हणजे निर्जंतुक नव्हे, तेही उकळावंच लागतं. त्यावर सोडियमचा आकडा असतो. ब्रिटनमध्ये बाळासाठी तो लिटरला २०० मिलिग्रॅमच्या खाली असलेलं पाणी घ्यायला सांगतात.

दुधाचे डबे ही साधी गोष्ट राहिलेली नाही. चीनमध्ये २००८ साली पावडरीत मेलामाइन सापडल्यावर तिथले लोक हाँगकाँगमधून डबे न्यायला लागले, इतके की १ मार्च २०१३ पासून हाँगकाँग सोडताना माणशी १.८ किलो, म्हणजे मोठे दोन डबे, एवढीच परवानगी राहिली. तिथून येणाऱ्या प्रवाशाला हे माहीत नसेल तर जास्तीचा डबा गुन्हा ठरतो. २०२२ मध्ये अमेरिकेत मिशिगनचा एक मोठा कारखाना बंद पडला आणि दुकानांची फडताळं रिकामी झाली. मे महिन्यात जर्मनीच्या रामश्टाइन तळावरून इंडियानापोलिसला लष्करी विमानाने पावडर आणली गेली. त्या उन्हाळ्यात आमच्या विमानात लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आयांच्या हातात डिंकाच्या लाडवांबरोबर दुधाचे डबेही दिसायचे.

या आयांशी माझ्या बऱ्याच गप्पा होतात, आणि त्यांच्याकडे कधी कधी माझ्यापेक्षा जास्त अक्कल असते. एकीने पिशवीतून चांदीचं बोंडलं काढलं. मला ते फक्त बारशाच्या भेटीतलं माहीत होतं. तिने कढत पाण्याने ते धुतलं आणि चौदा तासांच्या प्रवासात एकही निपल न वापरता नातवाला पाजलं. बाटल्या धुवायच्या कुठे, हा विमानातला सगळ्यात अवघड प्रश्न तिने असा सोडवला होता, कारण शौचालयातल्या बेसिनवर निपल धुऊ नये हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. पण त्याच पिढीतली दुसरी बाई शेजारच्या अनोळखी आईला सहज विचारते, "अंगावर येत नाही का गं?" आणि ती मुलगी गॅलीत येऊन, न विचारता, मला कारण सांगू लागते. सिझर झालं, ताप आला, आटलं. मी गरम पाणी देते आणि कारण नको म्हणते. भारतात १९९२ च्या कायद्याने दुधाच्या पावडरीची जाहिरात करता येत नाही, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र छापता येत नाही आणि आईचं दूध उत्तम असं लिहावंच लागतं. कायदा योग्य आहे, तो कंपन्यांसाठी आहे. रात्री तीन वाजता गॅलीत उभ्या असलेल्या आईला तो ऐकवायची गरज नाही.

आणि राहिला उशीर. त्याचा हिशेब जवळजवळ कोणी करत नाही. प्रवास सोळा तासांचा म्हणून सोळा तासांची पावडर मोजून घेतात, उरलेला डबा खालच्या बॅगेत. एकदा न्यूअर्कवर वादळ होतं आणि आम्हाला दुसऱ्या विमानतळावर उतरवलं. दारं बंद, विमान कडेला उभं. अमेरिकेत अशा वेळी दोन तासांच्या आत प्रवाशांना खाणं-पाणी द्यावं लागतं, आणि आम्ही बिस्किटं आणि पाणी वाटलं. चार महिन्यांच्या मुलीसाठी त्यात काही नव्हतं. आमच्याकडचं बेबी मील सहा महिन्यांवरच्या मुलांचं. तिच्या आईची शेवटची डबी केव्हाच संपली होती आणि ती मला विचारत होती की साध्या दुधात पाणी घालून दिलं तर चालेल का. एक वर्षाच्या आत गाईचं दूध बाटलीचं मुख्य दूध म्हणून देत नाहीत, आणि ती स्वतःही ते जाणत होती. विचारून झाल्यावर तिनेच मान हलवली.

मी मागच्या केबिनमध्ये गेले. तिथल्या एका जोडप्याकडे न उघडलेला डबा होता, दुसऱ्या कंपनीचा, पण पहिल्या सहा महिन्यांचाच. त्या बापाने तो जागेवरच फोडला. दोन्ही आया आमच्या गॅलीत उभ्या राहिल्या, डब्यावरची मापं मोठ्याने वाचली, आणि पावडरीबरोबर चमचाही कपात घातला. "अहो, मग तुम्हाला चमचा?" असं पहिलीने विचारलं तर दुसरीने पर्समधून आधीच्या डब्याचा चमचा काढला. त्याच कंपनीचा, तोच आकार.

तेव्हापासून बेसिनेट लावताना मी एक प्रश्न विचारते: पावडरीचा डबा वर आहे की खालच्या बॅगेत? उत्तर 'खाली' आलं की ब्रीफिंगच्या कागदावर त्या सीटपुढे खूण करते, आणि विमानात आणखी कोणाकडे त्या वयाचं बाळ आहे ते बघून ठेवते.